सोड म्हणायचं राहिलं

१

सकाळचा चहा झाला की कोकिळा फळीवरची पितळी डबी खाली काढायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनचं हे तिचं काम. डबीत सनईच्या पत्त्या असत. पत्ती म्हणजे सनईचं तोंड. ताडाच्या पानाचे नखाएवढे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बारीक पितळी नळीवर दोऱ्यानं बांधायचे. ओठांत धरून फुंकलं की दोन्ही पानं थरथरतात आणि मग पुढचं सगळं लाकूड बोलायला लागतं. पान पांढरकवड्याच्या पलीकडून यायचं. ते वाळवायचं, उकळायचं, पुन्हा वाळवायचं, ब्लेडनं खरवडत बसायचं. नुसती पत्ती ओठांत धरून फुंकली आणि कावळ्याच्या पिल्लासारखी ओरडली की झाली तयार. घाटंजीच्या त्या घरात पत्त्या बायका करत आणि सनई पुरुष वाजवत. कोकिळेनं जन्मभर त्या कावळ्याच्या पिल्लाच्या पुढं काही वाजवलं नव्हतं. वाजवून पाहा, असं कुणी म्हटलंही नव्हतं.

तिचा नवरा पुंडलिकराव उन्हाळ्यात गेला. डबी मात्र ती रोज उघडत राहिली. हवा लागली नाही की पत्तीला बुरशी धरते, आणि ती बुरशी वाजवणाऱ्याच्या घशात जाते. आता कुणाच्या घशात जाणार होती, देव जाणे. पण हाताला वळण लागलेलं असतं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका सकाळी तिनं डबी उघडली, एकेक पत्ती बोटानं चाचपली आणि लाल दोऱ्याच्या पत्तीशी थांबली. ती पुंडलिकरावाची. दवाखान्यात त्याच्या दातांतून ओढून काढून नर्सबाईनं कोकिळेच्या हातात दिली होती, तीच. ती ओली होती.

डबीत पाणी गेलं असावं. पण बाकीच्या पत्त्या ठणठणीत कोरड्या होत्या, डबीचा तळ कोरडा होता. मग आपलाच हात ओला असेल. तिनं पदराला हात पुसला, पत्ती पुसली, थोडा वेळ थांबून पुन्हा बोट लावलं. पत्ती पुन्हा ओली झाली होती. पाण्यानं भिजलेली पत्ती कोकिळेला चांगली ठाऊक. वाटीत भिजवण्यातच तिचा जन्म गेला होता. ही कोमट होती आणि जराशी चिकट. तोंडातून नुकतीच काढलेली पत्ती असते तशी.

"काय बाप्पा येडेपना," ती मोठ्यानं म्हणाली आणि डबी फाडकन मिटली.

२

रागीट बाई म्हणून कोकिळा गल्लीत नावाजलेली होती. नळावर, रेशनच्या रांगेत, कुठंही तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण ते सगळे राग वरवरचे. खालचा राग एकच होता, जुना, आणि तो कळायचा तर सनई कशी वाजते ते आधी सांगावं लागेल.

सनई एकट्यानं वाजत नाही. एक जण गाणं वाजवतो आणि दुसरा शेजारी बसून सूर धरतो. एकच सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न तोडता. त्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली, बोटांना कामच नाही. गालांत हवा साठवायची, नाकानं चोरून थोडा थोडा श्वास घ्यायचा आणि सूर धरून ठेवायचा. लोक वाहवा करतात ती गाण्याला. सूर थांबला तरच लोकांना कळतं की तो होता.

पुंडलिकरावानं जन्मभर सूर धरला. गाणं वाजवलं ते गुणवंतानं, त्याच्या धाकट्या भावानं. गुणवंताचा हात गोड आणि पुंडलिकरावाची छाती मोठी, असं त्यांच्या बापानं ठरवलं होतं. बाप मेला, ठरलेलं तसंच राहिलं. शाली गुणवंताच्या खांद्यावर, नारळ गुणवंताच्या हातात, पेपरात फोटो गुणवंताचा. त्या फोटोच्या कडेला पुंडलिकरावाचा अर्धा गाल, फुगलेला. कोकिळेनं असे किती अर्धे गाल कात्रणांत जपून ठेवले होते.

आणि एक रीत होती. सूर धरणाऱ्यानं आपल्या मनानं सूर सोडायचा नाही. गाणं संपलं की वाजवणाऱ्यानं सनईच्या टोकाचा पितळी प्याला जमिनीकडं करायचा आणि हलकेच म्हणायचं, "सोड." मगच सूर थांबायचा. गुणवंताला यातही गंमत सुचायची. तो मुद्दाम उशीर लावी. पान तोंडात टाकी, ओळखीच्या माणसाशी दोन गोष्टी करी, आणि इकडं पुंडलिकराव डोळे लाल करून, मानेच्या शिरा ताणून धरून बसलेला. घरी आल्यावर भांडी आपटायची ती कोकिळेनं.

"तुमी आपल्या मनानं सोडून काहून नाई देत?"

"त्यानं म्हटल्याबिगर कसा सोडू?" पुंडलिकराव म्हणायचा, अगदी साधेपणानं. आग लागो त्या साधेपणाला!

मे महिन्यात ढाणकीच्या एका लग्नात, भर दुपारी, मंगलाष्टकं चालू असताना तो बसल्या जागी कलंडला. लोकांनी उचलून गाडीत घातला. गुणवंता वाजवत राहिला. का, तर मंगलाष्टकं मधेच कशी तोडायची? डॉक्टर म्हणाला, हे तर जागेवरच गेलेले आहेत. आणि तेराव्याला आलेली ढाणकीची माणसं कौतुकानं सांगत होती, "सूर मातर अक्षता पडेपावतर तुटला नाई बरं. असा मानूस पुन्ना होने नाई."

रडारडीत कोकिळेनं ते नुसतं ऐकून घेतलं होतं. आता डबी हातात धरून ती उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा कळलं ते काय बोलत होते. माणूस गाडीत घालून नेला होता. मग अक्षता पडेपर्यंत सूर कुणी धरला?

३

त्याच आठवड्यात दुपारी तिला तो आवाज ऐकू यायला लागला.

बारीक होता. दाराबाहेर चक्की चालू असावी तसा, एकसारखा. घरात एकच मोठी खोली, वर टिनं, भिंतीला चुना. एका कोपऱ्यात चूल आणि गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात पुंडलिकरावाची खाट. टिनं उन्हानं तापली की असा आवाज करतात, कोकिळेनं स्वतःला सांगितलं. नाहीतर शेजारच्या संगीताबाईचा फ्रीज असेल. नाहीतर कुणाच्या तरी वावरातली मोटर.

मग लाइन गेली. पंखा थांबला, संगीताचा फ्रीज थांबला, कोपऱ्यावरची खरीखुरी चक्की थांबली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली, आणि आवाज राहिला. आता तो कुठून येतोय तेही कळत होतं. खाटेकडून.

कोकिळा खाटेजवळ गेली तर आवाज फळीकडं गेल्यासारखा वाटला. फळीकडं गेली तर मागं, पाठीशी. कानावर हात ठेवले. तरी आवाज कमी झाला नाही.

"माह्या डोक्यात हाय हा," ती म्हणाली. "उपास लय झाले." तिनं भाकर केली, ठेचा केला आणि खाटेकडं पाठ करून दोन घास जबरदस्तीनं गिळले. त्या आवाजात मधून मधून एक लहानशी फट पडत होती. आवाज तुटत नव्हता, नुसता हलत होता. नाकानं चोरून श्वास घेतला की सूर जेवढा हलतो तेवढाच. शेजारी निजून तिनं तो श्वास इतकी वर्षं ऐकला होता. पुंडलिकराव झोपेतही तसाच श्वास घ्यायचा, कुणाला त्रास नको म्हणून घेतल्यासारखा.

घास तिच्या हातातच राहिला.

४

गुणवंता पेढे घेऊन आला. अंगावर नवा नेहरू शर्ट, केसांना काळा रंग.

"नागपूरचा मोठा कार्यक्रम भेटला, वहिनी. लगन तं सारेच बुक हायेत. तुळशीच्या लग्नापासून सुरू केलं पुन्ना."

"सूर कोन धरते?" कोकिळेनं विचारलं.

गुणवंतानं पेढ्याचा कागद नीट घडी घातला. "एकटाच बसतो मी आता. बाजूले दादाची सनई ठेवतो गादीवर, हार घालून. आठवन म्हून." पुंडलिकरावाची सनई तेराव्यालाच त्यानं मागून नेली होती, निशाणी म्हणून.

"एकट्याची सनई कशी वाजते?"

"जमते. आताच्या लोकायले काय समजते?" असं म्हणून त्यानं मोबाइल काढला आणि एका लग्नाचा व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला. त्याला दाखवायचं होतं ते गाणं. गुणवंता डोळे मिटून डोलत होता, हात खरंच गोड होता मेल्याचा. आणि त्याच्या खाली, एकसारखा, न तुटणारा सूर.

"हा कोनाचा?"

"मशीन भेटते आजकाल तशी," गुणवंता म्हणाला. व्हिडिओत गुणवंता होता, माइक होता, गादीवर हार घातलेली सनई होती. मशीन काही कोकिळेला दिसली नाही. तिच्या नजरेत नजर न घालता तो उठला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "ढाणकीवाले म्हनत होते न, दादानं शेवटपावतर धरला? भावाचं प्रेम असते ते, वहिनी."

प्रेम! कोकिळेनं पेढ्यांचा डबा उचलून गल्लीतल्या डुकरांपुढं उपडा केला. डुकरांनी खाल्ले, निदान कुणाच्या तरी कामी आले.

५

तिनं आधी तोंडानंच सांगून पाहिलं. घराचं दार लावून, खाटेसमोर उभी राहून, कुणी ऐकलं तर काय म्हणेल अशी लाजत. "सोडा हो आता. लय झालं. सोडा." सूर चालूच राहिला. कधी ऐकलं होतं त्यानं तिचं, जे आता ऐकेल?

मग तिला राग आला. रडू यायच्या ऐवजी तिला नेहमी रागच येई. लाल दोऱ्याची पत्ती तिनं चिमट्यात धरली, गॅस मोठा केला आणि पत्ती जाळावर नेली. ताडाचं वाळलेलं पान, कागदासारखं भुर्रकन जायला हवं होतं. ते पेटलं नाही. चरचरलं. पत्तीच्या तोंडाशी थुंकीचे बुडबुडे आले, आणि मागं खाटेवर सूर चिरकला. गळा दाबल्यासारखा, घोगरा, तुटायला आलेला. तरी तुटला नाही. त्यानं तो धरून ठेवला. ठसका लागलेला माणूस तोंड न उघडता ठसका गिळतो, तसा आवाज झाला आणि खाटेची दोरी करकरली.

"अवं माय!" कोकिळेनं पत्ती मागं ओढली, पाण्याच्या वाटीत टाकली, पुन्हा काढली, पदरात धरली. "नाई, नाई जाळत. नाई जाळत हो मी." ती फरशीवर बसली आणि पदरातली पत्ती छातीशी धरून पुढं-मागं हलत राहिली.

आता आपल्या डोक्यात काही बिघडलंय असं म्हणायची सोय उरली नव्हती. डोकं बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आपला माणूस मेल्यावरही दम कोंडून बसलाय, हे त्यापेक्षा फार वाईट होतं.

६

गावाबाहेरच्या तांड्यावर बादल राठोड राहायचा. फौजेच्या बँडमधून रिटायर होऊन आलेला. तिथं तो ओबो नावाचं विलायती वाजंत्रं वाजवायचा, आणि त्याची पत्ती दुहेरीच असते म्हणून एकदा कोकिळेकडं ताडाच्या पानाची करून मागायला आला होता. ती काही जमली नव्हती. तेव्हा दोघं एकमेकांना भरपूर बोलले होते आणि त्यातून ओळख टिकली होती. पत्तीतलं कळणारा गावात दुसरा कुणी नव्हता, म्हणून लाल दोऱ्याची पत्ती घेऊन ती त्याच्या दारात गेली.

"बेस, बेस," त्याची बायको लालीबाई म्हणाली, बसायला पाट सरकवला आणि चहा ठेवायला गेली. बादलनं पत्ती उजेडात धरली, वास घेतला आणि मान मागं घेतली.

"कोन वाजवून राह्यलं ही?"

"तेच इचाराले आली." गुणवंताचे व्हिडिओ संगीतानं तिला तिच्या मोबाइलात उतरवून दिले होते. बादलनं पहिला ऐकला, मग शेवटचा, मग पुन्हा पहिला. मग आत जाऊन त्यानं पेटी आणली. आत तीन तुकड्यांत ओबो, काळं लाकूड, वर चांदीसारख्या चाव्यांची जाळी.

"हे पाहा. ही तुमच्या सनईचीच बहीन. पयले तिकडंबी सनईसारखंच व्हतं, कडक पत्तीचं, किल्ल्यावर अन् फौजेपुढं वाजवाचं. मंग राजाले ते महालात पाहिजे झालं. फ्रान्समधी कारागिरायनं त्याचे तीन तुकडे केले, पोट बारीक केलं, पत्ती नाजूक केली. पुढं चाव्या वाढत गेल्या. नावाचा अर्थ अजूनबी मोठ्या आवाजाचं लाकूड असाच हाय." त्यानं तुकडे जोडले. "सारा आर्केस्ट्रा या ओबोच्या एका सुरावर जुळते. शंभर मानसं गप बसून त्या एका सुराले ऐकतात, मंगच पुढचं."

"गप बसून ऐकतात?" कोकिळा म्हणाली. "एका सुराले?" तिला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कुठं तरी जगात त्या सुराला मान होता, आणि इथं पेपरात अर्धा गाल.

"आयका आता," बादल आवाज खाली आणून म्हणाला. "या वाजंत्र्याची एक गोम हाय. बाकीच्यायचा दम संपते, ओबोवाल्याचा संपत नाई. पत्तीचं तोंड इतकं बारीक का हवा जातच नाई. छातीत साचते, सडते. मानूस भरला असते अन् घुसमटून राह्यला असते. म्हून आमाले उस्ताद शिकवे, पयले जुना सोडा, मंग नवा घ्या. जुना सोडला का छाती नवा मांगतेच, तिले थांबवता येत नाई." त्यानं मोबाइलकडं बोट केलं. "हा सूर दर लग्नाले चढून राह्यला, बाई. एक केसभर, पन चढून राह्यला. हा मानूस भरत चालला. पुंडलिकराव दम संपून नाई मेले. साचून मेले."

लालीबाई चहा घेऊन दारातच उभी होती. कुणी कपाला हात लावला नाही.

"मंग सोडवाचं कसं?"

"तुमच्यात रीत काय हाय?"

"जो वाजवते त्यानंच म्हनावं लागते."

बादलनं पत्ती तिच्या हातात दिली आणि आपले हात धोतराला पुसले. "मंग त्याले म्हनाले लावा. अन् म्हनेल तवा जवळ उभ्या नोका राहू."

७

घाटंजीच्या बाहेर एका मंगल कार्यालयात लग्न होतं. अक्षतांना वेळ होता. वाजंत्र्यांना दिलेल्या खोलीत लाल खुर्च्यांच्या थप्प्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामधे गुणवंता आरशात पाहून फेटा बसवत होता. कोपऱ्यात गुंडाळलेल्या गादीवर पुंडलिकरावाची सनई, हार घातलेली. सूर या खोलीतही होता. दोघांनाही ऐकू येत होता आणि दोघंही तो नसल्यासारखं उभे होते.

"ढाणकीले तुमी सोड म्हटलं होतं का नाई, भाऊजी?"

गुणवंताचा हात फेट्यावरच थांबला. "घाईत राह्यलं."

"मंग नंतर?"

"नंतर कोनाले म्हनू? मेलेल्या मानसाले?"

"तुळशीच्या लग्नाले एकटे बसले, बाजूले कोनी नाई अन् सूर आला. तवा तं समजलं न?"

गुणवंतानं फेट्याचं टोक आत खोचलं. मग आरशातूनच तिच्याकडं पाहत म्हणाला, "तवा म्हटलं असतं तं सूर गेला असता."

खुर्च्यांची थप्पी त्याच्या अंगावर ढकलावी असं कोकिळेला वाटलं. "थुंकीचे बुडबुडे येतात त्याच्या पत्तीतून! श्वास नाई घेता येत त्याले! तुमच्या दोन शालींसाठी?"

"दादा जीता व्हता तवा कधी म्हनला का, मले सोड म्हून? एकडाव तरी? मी पानं खात बसो, हासत बसो, तो धरून राहे. त्याले आवडते, वहिनी. तुमाले त्याचं काई समजलंच नाई."

ते खरं होतं. पुंडलिकरावानं खरंच कधी मागितलं नव्हतं. न मागणाऱ्या त्या माणसाचाही तिला राग आला, इतका की कानशिलं तापली. एकानं मागायचं नाही आणि दुसऱ्यानं द्यायचं नाही, आणि मधे हिनं आयुष्यभर पत्त्या खरवडायच्या.

"आज म्हना," ती म्हणाली. "माह्यासमोर."

"नागपूर झाल्यावर पाहू," गुणवंता म्हणाला, आणि गादी बगलेत मारून, दोन्ही सनया उचलून बाहेर गेला.

८

कोकिळा बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. कुणा परक्या पोरीच्या लग्नाचं वाटोळं करायचं नव्हतं तिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लोक जेवणाकडं वळले. गुणवंतानं सनई खाली घेतली आणि कुणीतरी पुढं केलेलं पान तोंडात टाकलं. सूर चालूच होता. माइकवाल्यानं एकदा आपल्या माइकच्या मशीनकडं पाहिलं, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मान खाजवली आणि जेवायला निघून गेला.

कोकिळेची नजर गादीवर होती. गादीवर हार घातलेली सनई, बाकी रिकामी. आणि गादीला खळगा पडलेला होता. डाव्या अंगाला जास्त, उजव्या अंगाला कमी. घरच्या खाटेला असाच पडायचा. पुंडलिकराव डाव्या कुल्ल्यावर भार टाकून बसायचा, बैलानं लाथ मारल्यापासून. खळगा जरा खोल झाला, जरा वर आला. तिच्या कानांत दडे बसले.

ती स्टेजच्या पायऱ्या चढून वर गेली आणि गुणवंताच्या हातातली सनई हिसकून घेतली.

"अवं वहिनी, हे काय—"

त्या सनईलाही तिच्याच हातची पत्ती होती. तिनं ओठांत धरली आणि फुंकलं. कावळ्याचं पिल्लू ओरडलं, पण या वेळी पुढं सगळं लाकूड होतं, पितळी प्याला होता, आणि तो आवाज अख्ख्या कार्यालयात फुटला. जेवणाच्या पंगतीत पोरं खदाखदा हसली. हसू देत. वाजवलं होतं तिनं. वाजवणारी तीच होती आता.

तिनं प्याला जमिनीकडं केला.

"सोडा," कोकिळा म्हणाली.

सूर थांबला.

इतके दिवस कानात असलेला आवाज गेला तसं तिचं डोकं गरगरलं. मग गादीवरून श्वास सुटला. कोमट, कोंदट, तंबाखू आणि लवंगेच्या वासाचा. तो तिच्या तोंडावरून, गळ्यावरून गेला, स्टेजवरची झेंडूची तोरणं पलीकडं झुकली आणि झुकलेलीच राहिली, कारण तो संपेचना. शाली, नारळ, ढाणकी, खाटेवरच्या सगळ्या रात्री, सगळं त्यात होतं. कोकिळा रडत होती. "सोडा, सोडा," ती म्हणत होती, "सगळा सोडा." आणि एका क्षणापुरतं, झुकलेल्या तोरणाच्या आड, तिला एक गाल दिसला. अर्धाच. फुगलेला, आणि हळूहळू खाली बसत जाणारा.

श्वास संपला. तोरणं सरळ झाली.

मग ती अलीकडं झुकली. गादीकडं.

नवऱ्या मुलीच्या खुर्चीमागचा पडदा आत ओढला गेला. समईची ज्योत आडवी झाली. गादीकडून एक बारीक शीळ येत होती, आत जाणाऱ्या हवेची, आणि गुणवंता पान थुंकून गळ्याशी हात नेत होता. त्याचे गाल आत गेले होते. नेहमी डोलणारा तो माणूस खांबाला टेकला, गुडघ्यावर आला.

"वहिनी," त्याचा आवाज फुटत नव्हता. "धरा म्हना त्याले. पुन्ना... धरा म्हना."

सनई कोकिळेच्या हातात होती. एक शब्द म्हटला असता तर पुंडलिकरावानं ऐकलं असतं. तो नेहमीच ऐकायचा, जो वाजवेल त्याचं. गादीवरची शीळ क्षणभर थांबली. तो थांबला होता. परवानगीसाठी थांबला होता, मेल्यावरही, जन्मभर थांबत आला तसाच.

कोकिळेनं डोळे पुसले.

"घ्या," ती म्हणाली. "पोटभर घ्या."